परतीची वायर : घरी बांधलेल्या विमानातील विद्युत गोंगाटाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत मोटार रिवाइंडिंगचा आणि पाण्याच्या पंपांचे स्टार्टर-पॅनेल बांधण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या शेडच्या मागच्या भागात दोन आसनी हलके विमान बांधायला घेतले होते. सुट्या भागांचा संच त्यांनी बाहेरून मागवला होता. जोडणी, वायरिंग आणि उपकरणांची मांडणी मात्र त्यांची स्वतःची होती. विमानाचे अंग फायबरग्लासचे होते, नाकावर ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन होते आणि वैमानिकासमोर दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे उपकरण-पॅनेल होते. वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी आसनांच्या मागे बसवली होती, म्हणजे इंजिन एका टोकाला, बॅटरी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये सुमारे अडीच मीटर वायर, अशी रचना होती.

मी वायुदलात विमानांवरील रेडिओ आणि विजेच्या यंत्रणांवर काम केले असून निवृत्तीनंतर साताऱ्यात राहतो. एका समाईक परिचिताने आमची गाठ घालून दिली. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळून कुपवाड गाठायचे आणि दिवसभर काम करून रात्री परतायचे, असे सहा रविवार मी या विमानावर घालवले. गृहस्थांच्या संमतीने हे लिहीत आहे; त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. नोंदणी, उड्डाणाची परवानगी आणि रेडिओचा परवाना हे विषय स्वतंत्र आहेत. या संपूर्ण काळात विमान जमिनीवरच होते, त्याची चाके बांधलेली होती आणि आम्ही हवेत काहीही प्रसारित केले नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हे वायरिंग निष्काळजीपणाने केलेले नव्हते. गृहस्थांच्या हाताखालच्या तरुण वायरमनने प्रत्येक लग नीट क्रिम्प केला होता, वायरींचे जुडगे मेणाच्या दोऱ्याने बांधले होते आणि पॅनेलच्या पत्र्यावर जिथे जिथे निगेटिव्हचा स्क्रू बसवायचा होता, तिथला रंग चाकूने खरवडून आतला धातू चकचकीत केला होता. स्टार्टर-पॅनेल बांधणारा चांगला माणूस असेच करतो, कारण तिथे जेवढे धातूचे भाग अर्थिंगला जोडले जातील आणि जेवढ्या ठिकाणी जोडले जातील, तेवढा पंपावर काम करणाऱ्या शेतकऱ्याचा जीव सुरक्षित असतो. तीस वर्षांची ती सवय विमानात जशीच्या तशी आली, आणि पुढे ज्या अडचणी निघाल्या त्यांतील बहुतेकांचे मूळ याच चांगल्या सवयीत सापडले.

अडचण

इंजिन पहिल्यांदा सुरू झाले, रेडिओ आणि इंटरकॉम चालू केले, आणि हेडसेटमध्ये बोलणे ऐकणे अवघड झाले. गृहस्थांनी मला फोनवर एवढेच सांगितले होते की, ‘साहेब, कानात भुंगा बसल्यासारखं होतंय.’ प्रत्यक्षात तो एक आवाज नव्हता.

हे पहिल्यांदा नीट ओळखले ते त्यांच्या शेजाऱ्यांनी. ते मिरजेच्या तंतुवाद्ये बनवणाऱ्या घरातले, तंबोऱ्याची जवारी लावण्यात आयुष्य गेलेले. सहज म्हणून शेडमध्ये आले होते. हेडसेट कानाला लावून, इंजिन कमी-जास्त करायला सांगून ते दोन-तीन मिनिटे ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘यात तीन वेगळे आवाज आहेत. एक इंजिनाबरोबर चढतो-उतरतो. एक ठेका धरून येतो. आणि एक नुसती खरखर, ती इंजिन बंद केलं तरी तशीच राहणार बघा.’ इंजिन बंद केले. खरखर तशीच होती. मी तोपर्यंत सगळ्यालाच ‘नॉइज’ म्हणत होतो. त्या दिवसापासून आमच्या वहीत कुई, टकटक आणि खरखर असे तीन रकाने पडले, आणि पुढचे प्रत्येक निरीक्षण त्या तीन रकान्यांत वेगवेगळे नोंदले गेले.

चौथी अडचण कानाला ऐकू येणारी नव्हती. लँडिंग लाइट लावला की तेलाच्या तापमानाचा काटा जवळपास सहा अंशांनी वर सरकत असे आणि दिवा बंद केला की पुन्हा खाली येत असे. गृहस्थांना ही किरकोळ बाब वाटत होती. मला मात्र चारही अडचणींत हीच सर्वांत गंभीर वाटली. या इंजिनाचे तेल साधारण ९० ते ११० अंशांच्या दरम्यान राहणे अपेक्षित असते. वैमानिक त्या काट्यावर विसंबून निर्णय घेतो, आणि दिव्याच्या बटणाने हलणारा काटा म्हणजे खोटे सांगणारे उपकरण होय.

विमानाच्या रेडिओत हे आवाज एवढे का त्रास देतात, हेही थोडे सांगतो. नागरी विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि ते आजही एएम पद्धतीचे आहे. एएमचा फायदा असा की दोन विमाने एकाच वेळी बोलली तर निदान गोंधळ तरी ऐकू येतो. एफएममध्ये प्रबळ संदेश दुबळ्या संदेशाला पूर्ण झाकून टाकतो. पण एएममध्ये माहिती लहरीच्या उंचीत साठवलेली असल्याने ठिणगी, स्पंद किंवा कुठलाही विद्युत झटका थेट त्या उंचीवर स्वार होतो आणि कानापर्यंत पोहोचतो. शिवाय माइककडून येणारा संकेत व्होल्टच्या काही अंशाएवढाच असतो, त्यामुळे वाटेत मिसळलेले काही मिलिव्होल्टही त्यात उघड ऐकू येतात.

समोर असलेले पर्याय

पहिल्या रविवारी दुपारी, चहा पिता पिता, आम्ही पर्याय मांडले. रेडिओ आणि इंटरकॉम बदलावेत, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. तो मी लगेच बाजूला ठेवला, कारण रेडिओ बाहेर काढून बाकावर स्वतंत्र बॅटरीवर चालवला तेव्हा तो अगदी स्वच्छ चालत होता.

दुसरा पर्याय स्क्वेल्च वाढवण्याचा, म्हणजे ठरावीक ताकदीखालचा संकेत कानापर्यंत येऊ न देणारी रेडिओतील मर्यादा वाढवण्याचा. स्क्वेल्चची कळ फिरवली की खरखर दबते आणि मनाला समाधान वाटते. पण स्क्वेल्च खरखरीबरोबर दुबळे संदेशही दाबतो. दूरच्या विमानाने दिलेली आपली जागा किंवा दूरच्या नियंत्रकाची सूचना नेमकी त्या दाबलेल्या भागात असू शकते. हा उपाय मी कोणालाही सुचवणार नाही.

तिसरा पर्याय गृहस्थांनी मी येण्याआधीच करून पाहिला होता. मोटारींच्या साउंड सिस्टिमसाठी मिळणारा, चोक आणि कपॅसिटर असलेला फिल्टर त्यांनी रेडिओच्या पॉझिटिव्ह वायरीत घातला होता. कुई निम्म्याने कमी झाली होती. टकटक, खरखर आणि तेलाचा काटा यांवर काहीही परिणाम झाला नव्हता. कुई निम्मी कमी झाल्यामुळे त्यांचा कल आणखी मोठा फिल्टर घालण्याकडे होता. माझे म्हणणे असे होते की फिल्टर फक्त पुरवठ्याच्या वायरीतून येणारा गोंगाट अडवतो. निगेटिव्हच्या बाजूने शिरणाऱ्या गोंगाटाला तो हातही लावत नाही, आणि तेलाचा काटा हलतो याचाच अर्थ निगेटिव्हच्या बाजूला काहीतरी चुकले आहे.

चौथा पर्याय म्हणजे पॅनेलमागच्या सगळ्या निगेटिव्ह वायरी काढून नव्याने एका बिंदूवर आणणे. चार महिन्यांचे काम उकलायचे होते. गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, ‘सगळ्या?’ मी म्हणालो, पॉझिटिव्ह एकही नाही, फक्त परतीच्या. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटले की एवढे मोठे काम केवळ माझ्या अंदाजावर करायला सांगणे योग्य नाही. म्हणून आम्ही असे ठरवले की आधी प्रत्येक आवाजाचा मार्ग सिद्ध करायचा आणि त्यानंतरच कापाकापी करायची. या निर्णयामुळे दोन रविवार जास्त गेले. ते वाया गेले, असे मला आजही वाटत नाही.

तपासणी

कुईपासून सुरुवात केली. रेडिओ आणि इंटरकॉमला विमानाच्या पुरवठ्यापासून तोडून मोटारसायकलच्या छोट्या बॅटरीवर जोडले आणि इंजिन चालू केले. कुई बरीच कमी झाली, पण गेली नाही. म्हणजे काही भाग पुरवठ्यातून येत होता आणि उरलेला दुसऱ्या वाटेने. मग हेडसेटचे जॅक पॅनेलच्या पत्र्यातून सोडवून, टेप गुंडाळून हवेत लोंबते ठेवले. उरलेली कुई पूर्ण नाहीशी झाली. जॅकचे बाहेरचे धातूचे अंग पॅनेलच्या पत्र्याला चिकटले होते, रेडिओचा सांगाडाही त्याच पत्र्याला स्क्रूने कसला होता, आणि त्या दोन ठिकाणांच्या मध्ये पत्र्यातून पेट्रोल पंप, दिवे आणि चार्जर यांचा परतीचा प्रवाह वाहत होता. त्या प्रवाहामुळे पत्र्याच्या दोन टोकांत पडणारा किरकोळ व्होल्टेज-फरक थेट माइकच्या संकेतात मिसळत होता.

पुरवठ्यातून येणाऱ्या भागाचे कारण लवकर सापडले. या इंजिनातील जनित्राची एसी वीज रेग्युलेटर-रेक्टिफायरमधून डीसी होते आणि तिच्यातील लहरी सपाट करण्यासाठी निदान २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवण्याची सूचना इंजिनाच्या बसवणी-पुस्तिकेत आहे. गृहस्थांनी तो बसवला होता, पण बॅटरीशेजारी, आसनांच्या मागे. रेग्युलेटर पुढे फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि वैमानिकाची जागा यांमधल्या भिंतीवर, आणि कपॅसिटर अडीच मीटर मागे. त्यामुळे लहरी सगळ्या वायरीभर फिरून मग कपॅसिटरपर्यंत पोहोचत होत्या. पुरवठ्यातील एसी अंश मल्टिमीटरवर ०.६ व्होल्टच्या आसपास दिसत होता. (साधे मल्टिमीटर एसीच्या रेंजवर डीसी व्होल्टेजही मोजून चुकीचा आकडा दाखवू शकतात, म्हणून मीटरच्या एका काडीला छोटा कपॅसिटर जोडून मोजावे.)

टकटकीच्या बाबतीत मी चुकलो. शेपटाजवळच्या लुकलुकणाऱ्या स्ट्रोब दिव्याच्या ठेक्याशी ती जुळत होती, तेव्हा दिव्याच्या पॉवर सप्लायपासून नळीपर्यंत जाणाऱ्या शिल्डेड केबलचे शिल्ड (वायरीभोवतीचे धातूचे आवरण) दोन्ही टोकांना जोडले असल्याचे पाहून मी तेच कारण धरले. एक अख्खा रविवार त्यावर गेला. दिव्याकडचे टोक सोडले, शिल्ड फक्त पॉवर सप्लायच्या टोकाला ठेवले, टेप लावला, केबल पुन्हा बांधली. हे काम बरोबरच होते, ते तसेच ठेवले. टकटक मात्र तेवढीच राहिली.

खरे कारण खरखरीचा तपास करताना सापडले. खरखर अँटेनातून येते की वायरीतून, हे पाहण्यासाठी मी रेडिओच्या मागून अँटेनाची कोॲक्स केबल सोडली आणि तिच्या जागी डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, लहरी बाहेर न सोडणारा रोध) लावू लागलो. त्या क्षणी मागे उभा असलेला वायरमन म्हणाला, ‘सर, मागचा लाइट बंद झाला.’ केबल परत लावली. दिवा लुकलुकू लागला. पुन्हा सोडली; दिवा बंद. आम्ही तिघेही काही वेळ त्या केबलकडे पाहत राहिलो.

फायबरग्लासच्या विमानात अँटेनाला धातूचा पृष्ठभाग मिळत नाही, म्हणून पोटाच्या आतल्या बाजूने तांब्याच्या पत्रीच्या चार पट्ट्या चिकटवून कृत्रिम तळ तयार करतात. मधल्या वारंवारतेला पाव लहर सुमारे ५९ सेंटिमीटर येते, तेवढ्या लांबीच्या त्या पट्ट्या होत्या. स्ट्रोबचा पॉवर सप्लाय तिथेच शेजारी होता. वायरमनला जवळ तांबे दिसले, तांबे म्हणजे अर्थिंग, आणि त्याने सप्लायची निगेटिव्ह त्या पत्रीला जोडली. त्यामुळे दिव्याचा सगळा परतीचा प्रवाह पत्रीतून अँटेना-केबलच्या शिल्डमध्ये, तिथून रेडिओच्या सांगाड्यात आणि सांगाड्यातून पॅनेलमध्ये जात होता. अशा दिव्यांची लुकलुक मिनिटाला ४० ते १०० वेळा असते, आणि प्रत्येक लुकलुकीचा झटका रेडिओच्या पोटातून जात होता.

इथे ‘अर्थिंग’ या शब्दाबद्दल बोलणे भाग आहे. आपल्याकडे वायरमनच्या तोंडी हा शब्द इतका रुळलेला आहे की काळी किंवा हिरवी वायर आणि कुठलाही उघडा धातू यांना तो सहज लावला जातो. जमिनीत गाडलेल्या पत्र्याच्या बाबतीत तो अर्थपूर्ण आहे, कारण तिथे प्रवाह फक्त बिघाड झाला तरच जातो आणि तो जमिनीतून वाट काढतो. विमानात जमीन नाही. तिथे प्रत्येक अँपिअर बॅटरीच्या किंवा जनित्राच्या पॉझिटिव्हमधून निघतो आणि तेवढाच्या तेवढा परत यावा लागतो, सतत, यंत्रणा अगदी निरोगी असतानाही. त्याला मार्ग दिला नाही तर तो स्वतः शोधतो. त्या दिवशी आम्ही शेडमध्ये ‘अर्थिंग’ हा शब्द वापरणे थांबवले आणि ‘परतीची वायर’ म्हणू लागलो. वायरमनने त्यानंतर एकदाही चुकीची जोडणी केली नाही, कारण परतीची वायर म्हटले की ‘कोणाची परत, आणि कुठे?’ हा प्रश्न आपोआप येतो.

खरखरीचे उत्तर त्याच दुपारी मिळाले. डमी लोड लावल्यावर खरखर गेली, म्हणजे ती अँटेनातून शिरत होती. फ्यूज एकेक करून काढत गेलो. मोबाइल चार्ज करण्याच्या यूएसबी सॉकेटचा फ्यूज काढताच अँटेना लावलेली असूनही रेडिओ शांत झाला. अशा चार्जरमध्ये बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करण्यासाठी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारे सर्किट असते, आणि त्याच्या पडसादांची पोहोच रेडिओच्या पट्ट्यापर्यंत जाते. घरात आकाशवाणी सांगली ऐकण्यासाठी ठेवलेला जुना ट्रान्झिस्टर गृहस्थांनी आणला. मिडियम वेव्हवर कुठलेही केंद्र लागत नाही अशा ठिकाणी काटा ठेवून तो वायरींच्या जुडग्यावरून फिरवला, तेव्हा चार्जरची वायर जिथून जिथून गेली होती तिथे तो भणभणत होता. सुमारे मीटरभर अंतर ती वायर अँटेना-केबलला बांधलेली होती.

तेलाच्या काट्याचे गणित सोपे होते. लँडिंग लाइट ५५ वॉटचा, म्हणजे चार अँपिअर. दिवा लावून पॅनेलचा पत्रा आणि इंजिनाचा ठोकळा यांमध्ये मोजले तर १८० मिलिव्होल्ट फरक आला. म्हणजे त्या वाटेचा रोध सुमारे ४५ मिलिओहम. तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या अंगातून परतीचा मार्ग घेतो, मीटर पॅनेलमधून. दोघांची ‘शून्य’ वेगळी, म्हणून काटा वर.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

आता चौथ्या पर्यायावर वाद उरला नव्हता. गृहस्थांनी आपल्याच लेथवर पितळी पट्टी तयार केली, तिच्यावर आटे पाडून बोल्ट बसवले आणि ती फायरवॉलच्या आतल्या बाजूला लावली. एक जाड बोल्ट फायरवॉलमधून इंजिनाकडे काढला. बॅटरीची निगेटिव्ह, इंजिनाच्या ठोकळ्याची वेणीदार पट्टी आणि रेग्युलेटरची परतीची वायर या तिन्ही त्या एका बोल्टवर आल्या. कपॅसिटर मागून काढून रेग्युलेटरशेजारी फायरवॉलवर, बोटभर लांबीच्या वायरींनी जोडला. प्रत्येक उपकरणाची परतीची वायर त्याच्या पॉझिटिव्हबरोबर पिळून थेट पितळी पट्टीवर आणली, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी शेजारी असला की त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बहुतांशी खोडून काढतात. स्ट्रोबचीही तशीच, तांब्याच्या पत्रीला आता अँटेनाच्या केबलशिवाय काहीही जोडलेले नाही.

ध्वनीच्या वायरींसाठी वेगळा नियम ठेवला. माइक आणि हेडफोनच्या परतीच्या वायरी पितळी पट्टीवर न आणता इंटरकॉमच्या स्वतःच्या टर्मिनलवर नेल्या, शिल्ड फक्त इंटरकॉमच्या टोकाला जोडले, आणि इंटरकॉम व रेडिओ मिळून एकच वायर पट्टीवर आली.

जॅक पत्र्यापासून वेगळे करण्याचे काम सर्वांत किचकट ठरले. हेडफोनचा जॅक पाव इंची, माइकचा त्याहून किंचित बारीक. दोन्हींना फायबरच्या दोन-दोन वॉशर लागतात: एक सपाट आणि एक खांदा असलेली, जिचा खांदा भोकात उतरून जॅकची मान पत्र्याला लागू देत नाही. त्या खांद्यासाठी भोक मोठे हवे, आणि पॅनेल तर रंगवून, अक्षरे छापून तयार होते. ड्रिल लावले असते तर रंग उडाला असता, म्हणून गृहस्थांनी गोल कानशीने एकेक भोक हाताने वाढवले. वायरमन खालून ओल्या फडक्यात कीस धरत होता, कारण ॲल्युमिनियमचा एक कण कनेक्टरमध्ये गेला तर नवीनच बिघाड उभा राहिला असता. प्रत्येक जॅक बसवल्यावर मीटर लावून जॅक आणि पत्रा यांत जोड नसल्याची खात्री केली. चौथ्या जॅकला मीटर वाजला. वॉशरचा खांदा एका बाजूला चिरडला होता. तो बदलला.

एक चूक इथे नोंदवतो. पाचव्या रविवारी उशीर झाल्याने आम्ही कपॅसिटर, स्ट्रोब आणि जॅक हे तिन्ही बदल एकदम करून मगच इंजिन चालवले. कुई गेली होती, पण एक बारीक कडकड नव्याने ऐकू येत होती, आणि ती कोणत्या बदलामुळे आली हे सांगता येईना. दोन बदल परत उलटे करून पाहावे लागले. शेवटी कारण या तिन्हींपैकी एकही निघाले नाही. कपॅसिटर बसवताना हात लागून एका स्पार्क प्लगची टोपी अर्धवट निघाली होती. एकेक बदल करून प्रत्येकानंतर ऐकले असते तर हे पाच मिनिटांत कळले असते.

चार्जरसाठी आधी मध्यम मार्ग काढून पाहिला: स्वतंत्र बटण, पिळलेल्या वायरी, त्यांवर फेराइटचे कडे, अँटेना-केबलपासून दूरची वाट. खरखर खूप कमी झाली, तरी काही वारंवारतांवर स्क्वेल्च अधूनमधून उघडत होता. गृहस्थांचे म्हणणे होते की नकाशासाठी टॅबलेट लागतो, चार्जिंग हवेच. मी त्यांना तीच वारंवारता चार्जर लावून आणि काढून, दहा दहा मिनिटे ऐकायला लावली. त्यांनी स्वतःच सॉकेट काढून टाकले आणि त्या भोकावर झाकण बसवले. टॅबलेटला आता आतल्या बॅटरीवरच चालवायचे ठरले आहे.

निष्पत्ती

सहाव्या रविवारी इंजिन मंद गतीपासून पूर्ण गतीपर्यंत नेले, सगळी उपकरणे चालू ठेवली आणि तिघांनी आळीपाळीने ऐकले. कुई कोणत्याही गतीला ऐकू आली नाही. पुरवठ्यातील एसी अंश ०.६ वरून ०.१५ व्होल्टच्या आसपास आला. टकटक स्क्वेल्च पूर्ण उघडला तरच, अगदी पुसट, ऐकू येते. ती तशीच स्वीकारली. लँडिंग लाइटने तेलाचा काटा एका अंशाहूनही कमी हलतो. डमी लोड लावून बोलताना स्वतःचा आवाजही हेडसेटमध्ये स्वच्छ येतो. आधी घातलेला फिल्टर आम्ही काढून पाहिला. काहीही फरक पडला नाही, म्हणून तो परत बसवला नाही.

किंमतही मोजावी लागली. वेगवेगळ्या परतीच्या वायरी आणि पितळी पट्टी यांनी विमानाचे वजन सुमारे सातशे ग्रॅमने वाढले, आणि गृहस्थांना वजनाच्या तोलाचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. हलक्या विमानात सातशे ग्रॅम ही लहान गोष्ट नाही. पण वजन कमी करण्यासाठी पत्र्यालाच परतीचा मार्ग करण्याचा विचार या विमानात तरी पुन्हा निघाला नाही.

आज पुन्हा करायचे झाले तर

पहिली वायर कापण्याआधी परतीच्या प्रवाहांचा वेगळा आराखडा काढायला हवा होता. गृहस्थांकडे पॉझिटिव्ह बाजूचा आराखडा होता: फ्यूज, बटणे, वायरींची जाडी, सारे त्यात नोंदलेले होते, निगेटिव्ह बाजूला प्रत्येक उपकरणाखाली फक्त अर्थिंगचे चिन्ह होते. त्या एका चिन्हात हे सगळे प्रकरण लपलेले होते. चिन्हाऐवजी खरी वायर, तिची खरी वाट आणि ती कुठे पोहोचते ते काढले असते, तर स्ट्रोबचा प्रवाह रेडिओतून जातो हे कागदावरच दिसले असते.

जॅकची भोके पॅनेल रंगवण्याआधी मोठी ठेवता आली असती. कपॅसिटरची जागा पुस्तिका वाचतानाच ठरायला हवी होती. कपॅसिटर बसवणे आणि तो रेग्युलेटरजवळ बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले नाही.

माझ्याकडून राहिलेली गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. या कामाच्या तीन महिने आधी मी एकदा ते विमान नुसते पाहायला गेलो होतो. वायरमन त्या वेळी पॅनेलवरचा रंग खरवडत होता, आणि जॅक त्याच्याशेजारी बशीत पडले होते. मला ते दिसले, चुकीचे वाटले, पण अजून ओळख नवी होती, त्यांचे काम इतके नेटके होते आणि दोघेही इतक्या उत्साहाने दाखवत होते की बोलावेसे वाटले नाही. चहा घेऊन मी निघालो. तेव्हा दोन मिनिटे बोललो असतो, तर गृहस्थांना चार भोके कानशीने घासावी लागली नसती.

सध्या गृहस्थांनी शेडच्या भिंतीवर नवा आराखडा लावला आहे. त्यात पॉझिटिव्ह वायरी लाल आणि परतीच्या वायरी निळ्या रंगात आहेत, आणि प्रत्येक निळी रेघ एका टोकाला उपकरणापासून निघून दुसऱ्या टोकाला पितळी पट्टीवर किंवा इंटरकॉमवर संपते. तो वायरमनने काढला आहे.